जमिनीवरचा स्लॅब

“येत्या रविवारी स्लॅब टाकतोय,” असं शेजारच्या काकांना सांगितलं, तर त्यांनी आधी आमच्या गच्चीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

“वरचा मजला काढताय का?”

“नाही काका, मागच्या शेडचा. खालचा.”

“मग कोबा म्हण ना! जमिनीवर कसला आलाय स्लॅब?”

बरोबर आहे त्यांचं. आपल्याकडे स्लॅब म्हणजे डोक्यावरचा. त्या दिवशी मिक्सरची लिफ्ट येते, वीस-पंचवीस माणसं येतात, संध्याकाळी सगळ्यांना जेवण असतं, नारळ वगैरे फुटतो. जमिनीवर टाकतात तो कोबा. तो कुणीही टाकतं, कसाही टाकतं, आणि तडा गेला तर “जातोच हो” म्हणून सोडून देतं. मीसुद्धा २०२२ च्या मे महिन्यात तो कुणीही, कसाही टाकला होता. ही गोष्ट त्याच कोब्याची. थोडी लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचं घर वाळूजला. पुण्याहून नगरमार्गे येणाऱ्या बसने शहरात शिरायच्या आधीच उतरायचं, मग रिक्षा. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग छोटे-मोठे व्हेंडर आले, आणि त्यातल्याच एका छोट्या युनिटमध्ये अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) एकतीस वर्षं लेथ चालवला. रिटायर झाल्यावर लोक गावी जातात, तीर्थयात्रा करतात. अण्णांनी एक जुना साडेचार फुटी लेथ विकत घेतला. वजन अर्ध्या टनाच्या पुढे. “पंपाचे बुश, शाफ्ट, असली बारीकसारीक कामं करीन. वेळ जाईल.” आईचं म्हणणं, वेळ जायलाच हवा असेल तर मेथी निवडा. पण मशीन घेऊन झालं होतं. ते एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात, प्लास्टिकखाली. आता हवी होती फक्त घरामागे एक शेड, दहा बाय बारा.

तर २०२२ साली मी वर्क फ्रॉम होमच्या कृपेने दोन आठवडे घरी होतो. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले होते. (हे वाक्य वाचून ज्यांना पुढचं कळलं, त्यांना नमस्कार.) अण्णा म्हणाले, “जमीन काळी आहे. खोदून मुरूम भरावा लागेल.” आमचा प्लॉट म्हणजे पूर्वी कपाशीचं रान. मी म्हटलं, अण्णा, आपण काय बिल्डिंग बांधतोय का? वरचं गवत काढलं, दोन इंच खडी पसरली, सळईची जाळी टाकली आणि रविवारी दुपारी बाराच्या उन्हात माल ओतून मोकळा झालो. सोमवारी माझा रिलीज होता. मंगळवारी पुण्याला. पाणी मारायला सांगितलं होतं का? हो, जाता जाता, बॅग उचलताना.

शेड उभी राहिली, वर पत्रे आले. पहिल्या पावसाळ्यानंतर तिरका तडा गेला, दाराच्या कोपऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत. अण्णांनी फोनवर सांगितलं, मी “हेअरलाईन असेल” म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. लेथ मात्र आणला नाही. मी प्रत्येक फोनला विचारायचो, “मशीन कधी आणताय?” आणि ते म्हणायचे, “बघू.”

जानेवारी २०२४. आई शेडमध्ये ठेवलेली वाळवणाची चाळणी आणायला गेली, अडखळली आणि हातावर पडली. मनगट. सहा आठवडे प्लास्टर.

मी रात्रीची बस धरून आलो. सकाळी शेडमध्ये गेलो, नक्की कशाला अडखळली ते बघायला. तडा आता तडा राहिला नव्हता, पायरी झाली होती. एक तुकडा वर, एक खाली. आणि त्याच्या वरच्या भिंतीवर पेन्सिलने, अण्णांच्या त्या ड्रॉईंगवरच्या अक्षरात, ओळीने आकडे लिहिलेले.

ऑक्टो. २२ : २ मिमी
फेब्रु. २३ : ४.५
मे २३ : ७

असं करत करत शेवटी, जाने. २४ : १४ मिमी.

वर्निअरची मागची बारीक पट्टी खोली मोजायला असते, ती लावून अण्णा दर महिन्याच्या एक तारखेला माझा कोबा मोजत होते. पंधरा महिने. मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. आमच्या ऑफिसात बग सापडला की पाच मिनिटांत सव्वीस लोकांना मेल जातो. इथे लॉग भिंतीवर होता आणि वाचायचं काम माझं होतं.

मी विचारलं, “सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं. माती काढायच्या वेळी.”

संपलं. त्यावर काय बोलणार?

आईचा हात बरा झाला, बोटं अजून थंडीत आखडतात. शेडला कुलूप लागलं. मी मात्र त्या वर्षी मातीचा अभ्यास सुरू केला, तो बहुतेक रात्री, झोप येत नसताना.

आपली काळी माती हा एक गमतीदार प्रकार आहे. दख्खनचा बसाल्ट झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाईट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे, थरावर थर. पाणी मिळालं की ते थरांच्या मध्ये घुसतं आणि कॅट फुगतो. वाळलं की आकसतो. उन्हाळ्यात कपाशीच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच. आता यावर तुम्ही चार इंचांची कडक पोळी टाकली. पावसाळ्यात कडेची माती भिजते आणि फुगते, मधली छपराखाली कोरडीच राहते. उन्हाळ्यात कडा खाली बसतात. पोळीला खालून वर्षातून दोनदा वाकवलं जातं. काँक्रीट दाबायला वाघ, पण वाकवायला आणि ताणायला अगदीच शेळी. ते मोडणारच. मजा म्हणजे (मजा कसली!) जड इमारतीपेक्षा असल्या हलक्या शेडला, अंगणाला, कंपाउंडच्या भिंतीला ही माती जास्त छळते. फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवायला वर वजनच नसतं. म्हणजे “बिल्डिंग बांधतोय का” हा माझा युक्तिवाद नेमका उलटा होता.

यावर आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात बरंच काम केलं. त्यांचा उपाय असा, की फुगणाऱ्या मातीवर अशा मातीचा थर द्यायचा, जी चिकट आहे पण फुगत नाही. नुसती वाळू भरून भागत नाही, थोडा चिकटपणा लागतो. चांगला मुरूम त्यात बसतो. त्यांचं काम कालव्यांसारख्या मोठ्या बांधकामांच्या उपयोगी पडलं, माझं प्रकरण दहा बाय बाराचं. पण मुद्दा तोच, आणि अण्णांनी तो कुठलाही पेपर न वाचता दोन वाक्यांत सांगितला होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, चार शनिवार-रविवार धरून, मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी अण्णा म्हणतील तसं.

पहिला वीकेंड फोडण्यात गेला. भाड्याचा ब्रेकर आणला. तुकडे निघायला लागले तसं एकेक उघडं पडत गेलं. चार इंच म्हणून टाकलेला कोबा काही ठिकाणी जेमतेम अडीच इंच होता, कारण खालची जमीन मी सपाट केलीच नव्हती. सळईची जाळी सगळी तळाला, मातीत लोळत. जाळीचं काम तड्याला घट्ट धरून ठेवायचं, त्यासाठी ती काँक्रीटच्या पोटात हवी. माझी काँक्रीटच्या अंथरुणाखाली होती. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक तुकडा उलटा करून बघायचे आणि बाजूला ठेवायचे. मला वाटत होतं एकदा बोलून टाकावं त्यांनी. नाही बोलले.

दुसऱ्या वीकेंडला खोदाई. पत्रे आणि खांब उतरवून ठेवलेच होते. कोब्याच्या मापापेक्षा चारही बाजूंनी एकेक फूट जास्त, म्हणजे बारा बाय चौदा, आणि खोली दोन फूट. मागे जेसीबी जायला जागा नाही, त्यामुळे दोन मजूर आणि मी. मी किती उपयोगी होतो ते मजुरांना विचारा. माती आमच्याच गल्लीतल्या तीन बागांमध्ये खपली. मग मुरूम, ट्रॅक्टरच्या पाच ट्रॉल्या, सुमारे पाच ब्रास. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, आणि धुमसाने ठोकायचा. पुन्हा थर. इथे घाई करायचा मोह फार होतो, कारण दिसायला काहीच होत नाही. दिवसभर ठोकून संध्याकाळी खड्डा होता त्यापेक्षा थोडा कमी खड्डा! अण्णा प्रत्येक थरावर टाच आपटून बघायचे. एका कोपऱ्यात टाच किंचित रुतली. “हा पुन्हा.” पुन्हा ठोकला.

तिसरा वीकेंड फळ्या, लेव्हल आणि सळई. काटकोन जुळला की नाही ते बघायला दोन्ही कर्ण मोजायचे. दहा बाय बाराला दोन्ही पंधरा फूट साडेसात इंच यायला हवेत. आमचे पाऊण इंचाने चुकले, फळी सरकवली, आले. लेव्हल पाण्याच्या नळीने. हे यंत्र मला फार आवडतं. पारदर्शक नळी, दोन्ही तोंडांना पाणी एका उंचीवर, विषय संपला. बॅटरी नाही, अपडेट नाही. मुरुमावर जाड प्लास्टिकचा कागद, म्हणजे खालची ओल वर येणार नाही आणि मालातलं पाणी मुरूम पिणार नाही. आठ मिमीच्या सळया आठ-आठ इंचांवर दोन्ही दिशांनी, सत्तेचाळीस किलो. या वेळी खाली कव्हर ब्लॉक आणि वर सळईच्याच खुर्च्या, जाळी जागच्या जागी उभी. कोब्याची जाडी पाच इंच, आणि लेथ बसणार तिथे सहा बाय अडीच फुटांची जागा आठ इंच. ती जागा अण्णांनी स्वतः खडूने आखली. मग त्या चौकोनात जाऊन, लेथसमोर उभे राहतात तसे उभे राहिले आणि खिडकीकडे बघितलं. उजेड डाव्या खांद्यावरून येतो का ते बघत होते म्हणे. खडूची रेघ चार इंच सरकली.

आणि मग तो रविवार.

हिशेब आधीच केलेला. सगळा मिळून ५४ घनफूट माल. एकास दीडास तीन, म्हणजे पुस्तकी एम-२०. त्यासाठी सिमेंटच्या तेरा गोण्या, पाव ब्रास वाळू, अर्धा ब्रास खडी. पडल्यावर वजन पावणेचार टनांच्या आसपास. सकाळी सातला एका गोणीचा मिक्सर, मिस्त्री आणि सहा माणसं हजर. फर्मा आणला होता, सव्वा घनफुटाचा, म्हणजे एका गोणीएवढा. घमेल्याने मोजू दिलं नाही. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर “इंजिनिअर आहे, पण आपला नाही” असे भाव.

खरी लढाई पाण्यावर. मी ड्रमवर खूण करून ठेवली होती, गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर. आयएस ४५६ मध्ये या मापाच्या एम-२० साठी तेवढंच दिलंय. वाळू ओली असेल तर त्याहून कमी.

“भाऊ, एवढ्याशा पाण्यात माल चालतच नाही ना,” मिस्त्री म्हणाले. “पोरांचे हात तुटू राहिले.”

गंमत अशी की अण्णा त्यांच्या बाजूने. “थोडं टाकू दे. ते रोज करतात हे काम.”

मग मी १९१८ सालच्या डफ एब्रम्सना मदतीला बोलावलं. शिकागोच्या या माणसाने ढीगभर ठोकळे फोडून दाखवलं की काँक्रीटची ताकद ठरते ती मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी पुरतं. बाकीचं आपण टाकतो ते फक्त माल पसरायला सोपा जावा म्हणून. ते नंतर उडून जातं आणि मागे भोकं ठेवून जातं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, “मग तू उभा राहा ड्रमपाशी.” उभा राहिलो. वायब्रेटर होता, त्यामुळे घट्ट मालही कोपऱ्यात व्यवस्थित गेला. मिस्त्रींनाही आठव्या गोणीपर्यंत सवय झाली.

आणि नवव्या गोणीला माझा फोन वाजला. ऑफिस. रविवार सकाळ, प्रॉडक्शन डाऊन. मी म्हटलं, दोन मिनिटं. घराच्या पुढे गेलो, कारण मागे मिक्सरचा आवाज.

परत आलो तेव्हा मिक्सर बंद होता आणि कुणी बोलत नव्हतं. नवव्या गोणीत एका पोराने वरून दोन बादल्या पाणी ओतलं होतं. हातगाडीतला माल आमटीसारखा. तो जाळीवर पडायच्या आत अण्णा गाडीच्या पुढे, फळीवर आडवे उभे राहिले होते. सत्तरीला टेकलेला माणूस, फळी सहा इंच रुंद.

मिस्त्री समजावत होते, “काका, पुढच्या गोणीत पाणी कमी टाकून सेट करतो ना. मिसळून जाईल.”

“नाही. रिजेक्ट जॉब लाल डब्यात टाकायचा. चांगल्यात मिसळायचा नाही.”

ती अख्खी गोणी मागच्या नळाजवळ ओतली गेली. तिथे आता कपडे धुवायचा एक ओबडधोबड ओटा आहे. एक गोणी कमी पडली, ती मी स्कूटरवर समोर ठेवून आणली, फोन घरी ठेवून. (प्रॉडक्शनचं काय झालं? दुसऱ्या कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट केला. नेहमीसारखं.) घाबरलो होतो की मधल्या वेळात आधीचा माल घट्ट होऊन सांधा राहील, पण वीस-पंचवीस मिनिटांत काम पुन्हा सुरू झालं आणि मिस्त्रींनी दोन्हींच्या मध्ये वायब्रेटर घालून ते नीट एकजीव केलं. माणूस कामाला पक्का, हे सांगितलं पाहिजे. पाण्यावरून भांडलो म्हणून काय झालं?

साडेदहाला सगळा माल पडला. ॲल्युमिनियमची पट्टी ओढून सपाट केलं. मग मिस्त्री कोरडं सिमेंट भुरभुरून चकाचक करायच्या तयारीत. ते थांबवलं. वर आलेलं पाणी आपोआप जाऊ द्यायचं, चकाकी मावळली की मगच रंधा. नाहीतर वरचा पापुद्रा नंतर पोपडे होऊन निघतो. तासभर सगळे नुसते बसून. आईने पोहे केले, डाव्या हाताने ढवळत. उजवा दुखला की ती अजून असंच करते.

रविवारी रात्री मला निघायचं होतं. तेव्हाच खरं कळलं की मागच्या वेळी मी काय केलं होतं. लोक म्हणतात काँक्रीट “सुकतं”. ते सुकत नाही, पिकतं. पाणी संपलं की पिकणं थांबलं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आमच्यासारख्या फ्लाय ॲशवाल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल हवी, चौदा दिली तर उत्तम. ओतायचं काम साडेतीन तासांचं, सपोर्ट दोन आठवड्यांचा. आणि सपोर्टवर कोण? आई आणि अण्णा.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कडेने मातीचे वाफे घालून दीड इंच पाणी उभं केलं. सव्वाचारशे लिटर. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तिथे सव्वाचारशे लिटर जमिनीवर ओतून ठेवायचे म्हणजे आईच्या जिवावर येणारं काम. तिने कपड्यांचं शेवटचं पाणी वापरू का विचारलं. अण्णा नको म्हणाले, साबण असतो. मग भाज्या-तांदूळ धुतलेलं कुंड्यांना, आणि कुंड्यांचं चांगलं पाणी स्लॅबला, अशी तिनेच व्यवस्था लावली. रोज सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर फोटो यायचा. पाण्यात आभाळ, खाली राखाडी कोबा, कोपऱ्यात तिच्या चपलांची टोकं. चौदा फोटो. मी ते डिलीट केलेले नाहीत.

अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय अण्णांनी लेथ आणू दिला नाही. मार्चच्या शेवटी तो टेम्पोतून आला, पाइपांच्या रुळांवरून सरकवत सरकवत खडूच्या जागी बसला. अण्णांनी लेव्हल पट्टी ठेवली, बुडबुडा बघितला, एका पायाखाली पत्र्याची एक पातळ चकती सरकवली, पुन्हा बघितलं. मग बल्ब लावला, चष्मा बदलला आणि आम्हाला म्हणाले, “जा आता तुम्ही.”

२०२५ चा पावसाळा मराठवाड्याला कसा गेला ते तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरात घरी गेलो तेव्हा बॅग ठेवायच्या आधी शेडमध्ये गेलो. भिंत नव्याने रंगवलेली, पण पेन्सिलची ओळ पुन्हा सुरू झालेली. जून : ०. जुलै : ०. ऑगस्ट : ०. सप्टेंबर : ०. कशाचा शून्य, ते लिहिलेलं नव्हतं. आम्हा दोघांनाच वाचायचं होतं.

अण्णा कुणाच्या तरी मोटरचा बुश फिरवत होते. आई चहा घेऊन आली. दारातून आत आली आणि बरोबर मध्यावर, जिथे पूर्वी ती पायरी होती तिथे, तिने पाय उचलून टाकला. खाली सपाट आहे, काही नाही. अण्णांनी मशीन बंद केलं, कप घेतला आणि म्हणाले, “रोज करते.”